कूलरलाच टार्गेट म्हणून वापरायचं की वेगळं इलेक्ट्रॉन टार्गेट घ्यायचं?

सोलापुरातून एमएस्सी करून स्टोरेज रिंगकडे वळणारी दोन-तीन पोरं हल्ली हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहितो. स्टोरेज रिंग म्हणजे आयनांचा बीम गोल फिरवत ठेवणारं यंत्र. कूलर म्हणजे तिच्या एका सरळ तुकड्यात आयनांच्याच वेगानं, त्यांना समांतर जाणारा इलेक्ट्रॉन बीम, तो आयनांच्या वेगातली पांगापांग कमी करतो, तेच कूलिंग. आणि टार्गेट म्हणजे ज्याच्याशी आयनांची टक्कर घडवून मोजायचं तो इलेक्ट्रॉन बीम. मी पीएचडीत दोन्हींवर शिफ्ट केल्यात.

आडव्या टार्गेटचं आधी उरकतो. मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखे दोन बीम ९० अंशात भेटतात, टक्करीची जागा उघडी राहते, सोलेनॉइडच्या (चुंबकाच्या लांब वेटोळ्याच्या) पोटात लपत नाही, त्यामुळं एक्स-रे बघायचे असतील तर तेच बरं. जर्मनीतल्या गीसेनच्या ग्रुपनं क्रायरिंग या स्टोरेज रिंगसाठी तसलंच बनवलंय. पण आयन १० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनचे असले की टक्करीची ऊर्जा साडेपाच केईव्हीच्या (म्हणजे साडेपाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ईव्हीच्या) खाली येतच नाही. समांतर बीममध्ये मात्र त्याच आयनांसाठी जुळलेल्या व्होल्टेजपासून (ज्याला इलेक्ट्रॉन आयनांच्याच वेगानं जातात) १०० व्होल्ट सरकलात तरी सापेक्ष ऊर्जा अर्धा ईव्हीसुद्धा होत नाही. कमी ऊर्जेचे रेझोनन्स (ठरावीक ऊर्जेलाच दिसणारी टक्करींची शिखरं) पाहिजेत तर समांतरच.

आता खरा प्रश्न. कूलरच टार्गेट म्हणून वापरला की मोजायला व्होल्टेज हलवल्याबरोबर कूलिंग बंद, आणि वर ते वेगळ्या वेगाचे इलेक्ट्रॉन आयनांना आपल्याकडं ओढायला लागतात, बीमचा वेग सरकतो आणि तुम्ही धरलेली ऊर्जा चुकते. म्हणून थोडं मोजा, परत कूलिंगला या, परत थोडं मोजा, रात्रभर हेच, आणि बीमचा निम्मा वेळ त्यातच जातो. माझा एक रेझोनन्स खालून स्कॅन केला की एकीकडं आणि वरून केला की दुसरीकडं दिसायचा, मला वाटलं दोन वेगळे आहेत, तीन महिने त्यांना नावं शोधत बसलो. फार जीवाला लागलं होतं ते.

वेगळ्या टार्गेटवर कूलर आपला एका व्होल्टेजवर बसून बीम धरून ठेवतो, तुम्ही निवांत स्कॅन करा. हायडेलबर्गच्या टीएसआर रिंगवर अशी जोडी होती, टार्गेटला थंड फोटोकॅथोडचे (प्रकाश पाडून इलेक्ट्रॉन काढणाऱ्या स्रोताचे) इलेक्ट्रॉन, शिखरं काय सुंदर बारीक यायची! २०१२ ला ती रिंग बंद झाली.

दुसरी इलेक्ट्रॉन गन, दुसरं अलाइनमेंट, रिंगमध्ये आणखी एक सरळ तुकडा, हा खर्च आहेच, आणि कूलरवर उत्तम कामं झालीत हेही खरं. तुमच्या रिंगवर कूलरच असेल तर त्यावरच करा, फक्त प्रत्येक रेझोनन्स दोन्हीकडून स्कॅन करा, तेही पहिल्याच रात्री.