कॉलसाठी राउटरमध्ये काय लावायचं, डिव्हाइस प्रायॉरिटी की एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट)?

नेटवरच्या कॉलला स्पीड लागतोच किती, जी.७११ कोडेकचा (आवाज डेटात बदलायची एक पद्धत) कॉल एका बाजूला जेमतेम १०० केबीपीएस खातो, खरी बोंब अपलोडची, कोणी फोटोंचा बॅकअप लावला की आवाजाची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत अडकतात आणि समोरच्याला आपलं बोलणं तुटक ऐकू जातं.

डिव्हाइस प्रायॉरिटी, म्हणजे एका डिव्हाइसचा डेटा आधी सोडणं, सोपी, राउटरच्या लिस्टमधून फोन निवडला की झालं. पण एकाच लॅपटॉपवर कॉल आणि मोठं अपलोड चालू असेल तर तिचा काही उपयोग नाही.

एसक्यूएममध्ये (राउटरमध्ये त्याच्या पद्धतींची नावं केक किंवा एफक्यू-कोडेल अशी दिसतात) प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी धरली जाते, त्यामुळे कॉल आपोआप पुढे सरकतो. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये अपलोड स्पीडचा आकडा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास टाका, नाहीतर रांग मोडेममध्येच लागते आणि राउटरच्या हातात काहीच राहत नाही. जुन्या राउटरचा प्रोसेसर फास्ट लाइनवर दमतो, तिथे प्रायॉरिटी चालेल, बाकी सगळ्यांना मी एसक्यूएमच सांगेन.