पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन की मलम? दुखणं बघून निवड

मेडिकलच्या काउंटरवर बहुतेकांची मागणी एकच असते: "जरा स्ट्राँग काहीतरी द्या." दुकानदारही मग कॉम्बिफ्लॅमची पट्टी पुढे सरकवतो. गोळी किती जोरकस आहे यावर निवड करायचीच नसते. बघायचं ते हे, की दुखण्याच्या मुळाशी सूज आहे का आणि गोळी ज्याच्या पोटात जाणार त्याला आणखी काय काय आहे.

आपल्याकडे खरी लढत दोघांत आहे. एका बाजूला पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, कॅलपॉल, डोलो. दुसऱ्या बाजूला सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचं कुटुंब: आयब्युप्रोफेन (ब्रुफेन), डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड (मेफ्टाल). ॲस्पिरिनही याच घरातलं. पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन सरकारी नियमांत घरगुती औषधांत मोडतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक या गोळ्या मात्र शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या. पाकिटावरची लाल रेघ त्याचीच खूण. प्रत्यक्षात त्या चिठ्ठीवाचून सर्रास मिळतात, आणि म्हणूनच निवडीची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते.

पॅरासिटामॉल ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पोटाला ते त्रास देत नाही. मोठ्या माणसाला एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते. जास्त झालं की मार यकृताला बसतो, आणि पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही जाणवतही नाही.

आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाही. सूज आणि वेदना यांना तीच चेतवतात. पण जठराच्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा हीसुद्धा त्यांचीच कामं. त्यामुळे गुण येतो त्याच वाटेने पित्त, अल्सर आणि किडनीची कुरबुरही येते. स्वतःच्या मनाने घ्यायची तर 200 ते 400 मिलिग्रॅम, जेवल्यावर, दिवसाला 1200 च्या आत, आणि तीसुद्धा दोन-तीन दिवसच.

आता दुखण्यानुसार बघू.

ताप आणि अंगदुखी, त्यातही पावसाळ्यात: इथे पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही नकोच. जुलै ते ऑक्टोबर आपल्याकडे डेंग्यूचे दिवस. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरतात, आणि आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक प्लेटलेट्सच्या कामात खोडा घालतात, शिवाय पोट खरवडतात. म्हणजे रक्तस्रावाची दुहेरी सोय. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर येणाऱ्या लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिसच्या तापात) मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात. डोळ्यांमागे दुखतंय, सांधे ठणकतायत आणि कॉम्बिफ्लॅमने छान आराम पडतो, असं कुणी सांगितलं तरी रक्ततपासणी होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. कॉम्बिफ्लॅममध्ये 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि 325 पॅरासिटामॉल असतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

पाळीचं दुखणं: इथे पारडं उलटं झुकतं. गर्भाशयात पेटके प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात, म्हणून आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरतं. सहन होईनासं होईपर्यंत थांबण्यापेक्षा दुखायला लागताच घेतलेली गोळी जास्त काम करते. मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिडसोबत पेटके सोडवणारं डायसायक्लोमिन असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. मेफेनॅमिक ॲसिडबाबत 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने सावधगिरीची सूचनाही काढली होती. या औषधाने क्वचित, पण गंभीर ॲलर्जी होऊ शकते: अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आतल्या अवयवांना इजा. घेतल्यावर काही आठवड्यांत असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा. दर महिन्याला घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घाबरून वेदना सोसत बसायचं मात्र कारण नाही.

दाढदुखी: जेवून आयब्युप्रोफेन, सोबत पॅरासिटामॉल. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्याने जोडी चालते, आणि कॉम्बिफ्लॅमचं खरं काम इथेच. अर्थात गोळी डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटपर्यंत निभावून नेते, कीड काढत नाही. दाढेत ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याचा जुना उपाय हिरडी भाजतो.

कंबर आणि गुडघे: कंबरेत उसण भरली की पॅरासिटामॉलचा उपयोग जवळपास शून्य. 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ते आणि औषध नसलेली खोटी गोळी यांत फरक निघाला नाही. शेक, हिंडतं-फिरतं राहणं आणि लागलीच तर दोन-तीन दिवस आयब्युप्रोफेन. गुडघा, मनगट, मुरगळलेला घोटा यांसाठी माझं मत सरळ मलमाकडे. डायक्लोफेनॅकचं जेल सांध्यावर चोळलं तर रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून साठीपुढच्या माणसांना गोळीपेक्षा ते बरं. नुसत्या बामने त्वचा चुरचुरते आणि दुखण्यावरचं लक्ष उडतं, सूज तशीच राहते. दोन्हींची किंमत बघून गोंधळू नका. ट्यूबवर 'डायक्लोफेनॅक' लिहिलंय का ते वाचा.

डोकेदुखी: साध्या डोकेदुखीला दोन्ही चालतात, पॅरासिटामॉलपासून सुरुवात करावी. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस गोळी लागत असेल तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. कॅफिन मिसळलेल्या गोळ्यांना दहा दिवसही पुरतात.

काही घरांत मात्र आयब्युप्रोफेनच्या कुटुंबाला दारच बंद ठेवावं: बीपीची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असणारे, किडनीचे रुग्ण, अल्सर होऊन गेलेले, ॲस्पिरिनने दमा उठणारे, आणि गर्भारपणाचे वीस आठवडे उलटलेल्या बायका. त्याआधीही डॉक्टरांना विचारूनच. हृदयासाठी इकोस्प्रिन (म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन) घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन घेतलं तर इकोस्प्रिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम अडतं. आजोबांच्या गुडघ्यासाठी नातवाने आणलेली पट्टी इथेच फसते.

आणि पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाणं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते आधीच असतं. वर डोलो 650 घेतली की हिशोब बिघडला. 650 च्या सहा गोळ्या म्हणजे 3900. त्यात सर्दीची एक मिसळली की मर्यादा ओलांडली.

मुलांचं माप वयावर नाही, वजनावर: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. बारा किलोच्या पोराला एका वेळी 120 ते 180. सिरप मात्र 5 मिलिलिटरला 125 आणि 250 अशा दोन्ही ताकदीत मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच 100 असतं. तेव्हा 'एक चमचा' सांगण्यापूर्वी बाटली फिरवून आकडा वाचायचा. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात ॲस्पिरिन नको, आणि निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंदच आहे.