नरकासुराची रात्र मुलांना कुठे दाखवावी? पणजी, गाव की घरचं अंगण

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात आणि सिंधुदुर्गात वाड्यावाड्यावर, म्हणजे वस्तीवस्तीत, नरकासुर उभे राहतात. बांबूचा किंवा लोखंडी सांगाडा, आत सुकं गवत, वर कागद आणि रंग, तोंडाबाहेर लोंबणारी लालभडक जीभ आणि सुळे. रात्रभर मिरवणुका आणि स्पर्धा चालतात आणि उजाडायच्या आत त्या सगळ्यांना आग लावली जाते. ज्या मुलांना भीतीची मजा घ्यायला आवडते, त्यांच्यासाठी याहून चांगला सण आपल्याकडे नाही, असं माझं ठाम मत आहे. २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे ओळखीचे आईबाप विचारत असतात: हे मुलांना दाखवायचं तर न्यायचं कुठे, आणि जाणं जमलं नाही तर घरी काय करायचं?

पर्याय खरे तर तीन आहेत. पणजी-मडगावसारख्या शहरातला मोठा नरकासुर, गोव्यातल्या किंवा तळकोकणातल्या एखाद्या गावातला छोटा नरकासुर, आणि आपल्याच सोसायटीत मुलांनी स्वतः केलेला नरकासुर. चौथा, हॅलोविन पार्टीचा, त्याबद्दलही थोडं लिहिते.

निवड करताना मी एकच गोष्ट आधी बघते: मुलाला नरकासुर पडताना दिसणार आहे का? कथा तुम्हाला ठाऊकच आहे. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, भूदेवीचा मुलगा, सोळा हजार स्त्रिया त्याच्या बंदिवासात. सत्यभामेला सोबत घेऊन कृष्ण त्याला मारतो, पहाटे परत येतो आणि त्याला तेल लावून न्हाऊ घातलं जातं. म्हणजे या सणाचा अर्धा भाग रात्रीचा आहे आणि अर्धा पहाटेचा. बाहेरून गेलेली बहुतेक कुटुंबं रात्रीचा अर्धा बघतात, मुलं पेंगली की बारा-एकला खोलीवर परततात आणि सकाळी नऊला उठतात. मुलाच्या मनात मग राक्षस तेवढा उभा राहतो, त्याचा वध राहूनच जातो.

पणजी आणि मडगाव

भव्यता बघायची असेल तर शहरच. पणजीतले मळा, भाटले, सांतइनेज हे भाग, तिकडे मडगाव-फातोर्डा, म्हापसा, फोंडा. चालत फिरलात तरी एका रात्रीत कितीतरी नरकासुर बघून होतात. काही दुमजली घराएवढे, काहींच्या डोळ्यांत दिवे, काहींचे हात आणि मान हलती. वाड्यावरची पोरं कितीतरी दिवस आधीपासून कॉलेज नि नोकरी सांभाळून रात्री जागून हे काम करतात. लोखंड जोडणारा एक, रंगवणारा दुसरा, वीज बघणारा तिसरा. दहावी-बारावीतल्या मुलाला हे जवळून बघू द्या. आपल्याच वयाच्या पोरांनी, कोणी शिकवायला नसताना उभं केलेलं इतकं मोठं काम त्याने एरवी क्वचितच पाहिलेलं असतं.

अडचण आवाजाची आहे, आणि ती मोठी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. या रात्री प्रत्यक्षात काय होतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. छातीत धडकणारा डीजे पहाटेपर्यंत चालतो आणि त्याबद्दल गोव्यातच दर वर्षी तक्रारी होतात. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडून राहिलेले जळके लोखंडी सांगाडे हीही तिथल्या नागरिकांची जुनी तक्रार. राक्षसाचं कौतुक फार आणि कृष्णाचं कमी, असंही अनेक गोमंतकीय मनापासून म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. कित्येक ठिकाणी पंचवीस फुटी असुरासमोर उभा असलेला मोरपीसवाला छोटा कृष्ण शोधावा लागतो.

तरीही लहान मुलांना घेऊन शहरातच असाल, तर संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ गाठा. तेव्हा मुखवटे चढत असतात, कोणीतरी शिडीवर उभं राहून मिशी चिकटवत असतं, रंग ओला असतो, आणि पोरं मुलांशी आनंदाने बोलतात. म्हापशाच्या बाजारात आदल्या दिवसांत मुखवटे विकायला असतात, तेही दाखवा. घाबरणाऱ्या मुलाच्या हातात छोटा मुखवटा उलटा करून द्या. बाहेरून सुळे आणि वटारलेले डोळे, आतून मात्र जुन्या वर्तमानपत्राचे थर, त्यावर वाचता येणाऱ्या जाहिराती, खळीचे सुकलेले ओघळ. मी पाहिलंय, मूल तो दोन-तीनदा उलटासुलटा करतं आणि मग स्वतःच तोंडावर लावून आईला घाबरवायला जातं.

वध बघायचा असेल तर मुलांना नऊला झोपवून चारच्या सुमारास उठवा. त्यासाठी मुक्काम मिरवणुकीच्या रस्त्यापासून दूर, पण एखाद्या नरकासुरापर्यंत चालत जाता येईल असा हवा, कारण गाडी अडकते. जळताना वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि बरंच लांब उभं राहायचं. पोटात फटाके भरलेले असतात.

गाव

गावातला नरकासुर आकाराने मुलांच्या बेताचा असतो, कारण तो मुलांनीच केलेला असतो. जुना शर्ट, जुनी पँट, आत गवत, वर बाजारातून आणलेला किंवा घरी केलेला मुखवटा. पोरं त्याला वाड्यावरून ओढत, नाचवत फिरवतात, घराघरांतून चार पैसे गोळा करतात. पहाटे शेताच्या कडेला किंवा तिठ्यावर त्याला पेटवतात. आवाज ढोलाचा किंवा नुसत्या डब्यांचा. बाहेरून आलेल्या मुलालाही लगेच दोरीचं एक टोक मिळतं. शहरात ते नुसतं प्रेक्षक असतं.

पण गावाची बाजू माझ्या लेखी जड आहे ती त्यानंतरच्या दोन तासांमुळे. नरकासुर जळला की मुलं धावत घरी येतात. न्हाणीत भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाणी तापत असतं. अंगाला तेल, उटणं, कढत पाणी, आणि मग तुळशीसमोर कारीट. हे कारीट मुलांना नीट दाखवा. लिंबाएवढं, हिरवं, पट्टे असलेलं रानटी फळ, पावसानंतर कुंपणाच्या वेलीवर लागतं. ते जमिनीवर ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत चिरडायचं. फट् असा आवाज होतो, बिया उडतात. मग त्याचा रस जिभेला लावायचा. इतका कडू, की सगळ्या मुलांची तोंडं एकाच वेळी वाकडी होतात. हेच कारीट म्हणजे नरकासुर. रात्री ज्याला मान वर करून पाहिलं, तो पहाटे पायाच्या अंगठ्याखाली. सहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर फोव, म्हणजे पोहे, आणि तेही किती तऱ्हांचे. दुधातले गूळ घालून, नारळाच्या रसातले, ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे, ओल्या खोबऱ्यात कालवलेले. सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबाड्याचं सासव. शेजारी एकमेकांकडे खायला बोलावतात, म्हणून एका सकाळी तीन-चार घरचे पोहे पोटात जातात. मालवणकडे या दिवसाला चावदिस म्हणतात आणि तिथेही गोडे-तिखट पोहे हेच मुख्य खाणं. शहरातल्या हॉटेलात ही सकाळ मिळत नाही. तिथे नाश्त्याला सगळीकडचाच नाश्ता असतो.

गावची अडचण उघड आहे: तिथे आपलं कोणीतरी असावं लागतं. नातेवाईक किंवा मित्र नसतील तर सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या बाजूचं एखाद्या कुटुंबाच्या राहत्या घरातलं होमस्टे बघा. आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: वाडीत मुलांचा नरकासुर होतो का, पहाटे अभ्यंगस्नानाला कढत पाणी मिळेल का, आणि आम्हाला तुमच्याबरोबर पोहे खायला बसवाल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं मिळतं त्यावरून घर कसं आहे ते कळतं. या पट्ट्यातल्या शहरांमध्ये स्पर्धाही असतात, त्यामुळे थोडी भव्यता आणि थोडं गाव असं दोन्ही जमतं. ज्यांची मुलं वेगवेगळ्या वयांची आहेत, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग चांगला आहे.

घरचं अंगण

प्रवास शक्य नसेल तर आपल्या आवारात करा. याला नाइलाज समजू नका, कारण नरकासुर पहिल्यापासून बनवायला फक्त इथेच मिळतो. बाकी दोन ठिकाणी तुम्ही पोचता तोवर तो जवळपास तयार असतो. मुलं किल्ल्यासाठी मातीत हात घालून बसलेलीच असतात, त्यांनाच हेही काम द्या.

वसुबारसेला सुरुवात केली तर वेळ पुरतो. पालथ्या माठावर किंवा जुन्या चेंडूवर तेल चोळा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या कणकेच्या खळीत बुडवून पाच-सहा थर द्या. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा आडवा. नाक आणि भुवया कागदाच्या लगद्याने उठवा. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या; उन्हात घाईने वाळवला तर कडा वळतात. मग सोडवून रंगवा, सुळ्यांना पुठ्ठा, केसांना सुतळी पिंजून. धडासाठी जुने कपडे आणि गवत. थर्माकोल आणि प्लास्टिक अजिबात नको.

जाळण्याचा प्रश्न मात्र सोडवून ठेवा. शहरी सोसायटीत उघड्यावर आग लावणं धोक्याचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी परवानगीही मिळणार नाही. मला आगीपेक्षा चक्राचा मार्ग जास्त आवडतो. मुंडकं एका दोऱ्याने धडावर टांगायचं आणि दोरा फांदीवरून मागे घ्यायचा. कृष्ण झालेल्या मुलीने किंवा मुलाने पुठ्ठ्याचं सुदर्शन भिरकावलं, की मागे उभ्या मोठ्या माणसाने दोरा कापायचा. मुंडकं गडगडत येतं आणि एकच कल्ला होतो. सत्यभामेलाही धनुष्य द्या. कथेत ती रणांगणावर होती. कारीट मुंबईत दादरच्या बाजारात उटण्याबरोबर मिळतं, ते आदल्या दिवशीच आणून ठेवा. आंघोळी आटोपल्या की प्रत्येक घरातून एकेका तऱ्हेचे पोहे खाली आणायचे.

सोसायटीत शेजारी कोण आहेत तेही बघा. हीच चतुर्दशी बंगाली घरांत भूत चतुर्दशी असते. संध्याकाळी पितरांसाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा पालेभाज्या खातात. गुजराती घरांत काळी चौदस असते. घरातला कलह बाहेर काढायचा म्हणून वडे चौकात नेऊन ठेवतात. त्या काकूंना आणि काकांना रात्री मुलांसमोर अर्धा तास बसवा. एकाच रात्रीबद्दल तीन प्रांतांच्या गोष्टी एका जिन्यात ऐकायला मिळतील.

हॅलोविन पार्टीचं काय?

मुलांना जायचं असेल तर जाऊ द्या. वेशभूषा, खाऊ, संध्याकाळी दोन तासांत आटोपणारा कार्यक्रम, पालकांना सोपा. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडची ती हिवाळ्याच्या तोंडाची रात्र आहे आणि तिकडे तिचं स्वतःचं खाणंपिणं, दिवे, खेळ आहेत. इथल्या पार्टीत त्यातलं फारसं काही पोचत नाही, विकतचे कपडे तेवढे येतात. तुमच्या मुलाला वेश करण्याचीच आवड असेल तर कृष्ण, सत्यभामा आणि नरकासुराचे सैनिक या भूमिका घरच्या अंगणात मोकळ्याच आहेत.

मला कोणी फोनवर विचारलं तर मी मुलांचं वय विचारते. आठच्या आतलं मूल असेल तर गाव, आणि गाव नसेल तर घरचं अंगण. शहर नको, त्याचे कान आणि झोप दोन्ही बिघडतात. आठ ते बारा असेल तर एक वर्ष घरी बनवा, पुढच्या वर्षी गावी न्या. स्वतः मुखवटा केलेलं मूल दुसऱ्याचा मुखवटा फार बारकाईने बघतं. बारापुढच्यांना पणजीला न्या आणि पहाटेपर्यंत जागू द्या, पण कारीट फोडायला आणि पोहे खायला गावातल्या कुणाच्या तरी घरी पोचतील अशा बेताने. घरात तान्हं मूल किंवा दम्याचा त्रास असणारं कोणी असेल तर धूर लक्षात घेऊन अंगणातच करा.

जाणार असाल तर तिकिटाचं आधी बघा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या कोकण रेल्वेच्या गाड्या त्या दिवशी सकाळीच भरतात. तळकोकणातल्या गावांसाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड, म्हापशासाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिण गोव्यासाठी मडगाव. विमानाने येणाऱ्यांना उत्तर गोवा आणि सावंतवाडी या दोन्हींसाठी दाभोळीच्या विमानतळापेक्षा मोपाचा विमानतळ जवळ पडतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचाल असं बघा, म्हणजे मुलांना एक झोप मिळते आणि संध्याकाळी वाड्यावर गवत भरायला हात लावता येतो.