पिवळ्या रेन लिलीच्या नावाखाली पांढरी

एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामवर पिवळ्या रेन लिलीच्या कंदांची जाहिरात दिसली. पसरट कुंडीत फुलंच फुलं, पंचवीस कंद साडेसहाशे रुपयांना, पैसे आधी. कंद वेळेवर आले, टणक आणि निरोगी होते. तक्रारीला जागाच नव्हती, आणि खरी मेख तिथेच आहे. ही लिली फुलते पावसाची चांगली सर पडून गेल्यावर दोन-चार दिवसांनी. उन्हाळ्यात घेतलेल्या कंदाचा रंग पावसाळ्याआधी सहसा कळत नाही, आणि परत करायची मुदत सात दिवस! मे महिन्यात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, पाऊस तर येऊ द्या." जुलैत विचारलं तर म्हणे, "नवीन मातीत रुळायला वेळ लागतो."

चुगली केली ती पानांनी. आलेली पानं जाड, गोलसर, गडद हिरवी होती. पिवळ्या लिलीची, म्हणजे झेफिरँथस सिट्रिनाची, पानं अरुंद आणि चपटी असतात. गणपतीच्या सुमारास फुलं आली ती पांढरीशुभ्र. फोटो पाठवला, तर त्यावरचं उत्तर जपून ठेवलंय: "पहिल्या वर्षी पांढरी येतात, पुढच्या वर्षी पिवळी होतील." कंद काय सरडा आहे? त्यानंतर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं.

पांढरी लिली वाईट नाही, पण ती आमच्या कोपऱ्यावरच्या नर्सरीत तीस रुपयांना पिशवीभर मिळते.

पिवळी हवी असेल तर पावसाळ्यात, फूल डोळ्यांनी बघून, कुंडीसकट घ्या. नाहीतर ओळखीत कुणाकडे आहे का विचारा. हिला बी भरपूर धरतं, काळं आणि चपटं, आणि ते सहज रुजतं, त्यामुळे जिच्याकडे एक कुंडी असते ती आनंदाने वाटते. ऑनलाइनच घ्यायची असेल तर विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि बिल आधी मागा. टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका. फसलात तर चॅट आणि यूपीआय पावतीचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण ब्लॉक झाल्यावर समोरचं प्रोफाइल दिसत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५, पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी १९३०. मी १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.

मैत्रिणीच्या फोनवरून पाहिलं, तेच अकाउंट नाव बदलून आता निळी रेन लिली विकतंय. निळी रेन लिली नसतेच; तो रंग फोटोत भरलेला असतो.