कावी-कंबोईच्या खाजणातली एक दिवसाची ट्रिप: पैसे वसूल, पण तिथी बघून बुकिंग करा

बडोद्यात राहून समुद्र बघायचा म्हटलं की सगळे दमण नाहीतर दीव म्हणतात, आणि आपल्यापासून जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर कावी-कंबोईला खंभातच्या आखाताचा किनारा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आलंच तर स्तंभेश्वर महादेवाचं दर्शन घेतात, पाण्यात बुडणाऱ्या देवळाचा व्हिडिओ काढतात आणि परत. आम्हीही तेच करत होतो. या डिसेंबरात मात्र एका छोट्या ग्रुपबरोबर फक्त किनारा आणि खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी खारी दलदल, बघायला गेलो, मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई, आणि त्या ट्रिपबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं कारण आधी याच जागी आम्हाला फार वाईट अनुभव आला होता.

तो आधी सांगते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका टूरवाल्याबरोबर गेलेलो. साडेसहाला न्यायमंदिरापाशी उभं राहायला सांगितलं, बस आली आठला, मग पाद्र्याला नाश्ता, जंबुसरला परत चहा, आणि कंबोईला पोचलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. तरी त्यांचा माणूस म्हणे जा जा पाच मिनिटं उतरून या, काही होत नाही. पोरं चिखलात उतरली, आमच्यातल्या एका काकूंचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि पाणी अक्षरशः चालत यावं तसं येत होतं, दोन गावकऱ्यांनी ओढून काढलं त्यांना. मी ते विसरू शकत नाही. खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे, आखात नरसाळ्यासारखं वर निमुळतं होत जातं त्यामुळे पाणी दाटून उंच चढतं, उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. अशा ठिकाणी वेळ न बघता माणसं उतरवणं हा निष्काळजीपणाच आहे.

या वेळचा ग्रुप नेमका इथेच वेगळा निघाला. बुकिंगला फोन केला तर पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, रविवारच पाहिजे का, कारण आम्ही वार बघून नाही तिथी बघून जातो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास इथे ओहोटी दुपारच्या आधी येते आणि पाणी लांब मागे जातं, म्हणून त्यांची ट्रिप त्याच दिवसांत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी जमलं म्हणजे या रविवारी जमेल असं नसतं. आम्हाला पौर्णिमा मिळाली, ती आली बुधवारी, नवऱ्याने रजा टाकली, मुलाची शाळा बुडवली. माणशी साडेनऊशे रुपये, त्यात मिनीबस, नाश्ता, जेवण, गाइड. वीसच माणसं घेतात. सहाला म्हणाले आणि सहा दहाला बस मांजलपूरहून हलली, वाटेत एकदाच थांबली.

जंबुसरचा रस्ता हिवाळ्यात छान दिसतो, दोन्हीकडे काळी जमीन, कापूस, तूर. पूर्वी प्रतापनगरहून जंबुसरला छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज गाडी, जायची, सासरे तिच्या गोष्टी सांगायचे. दांडीयात्राही याच पट्ट्यातून गेलेली, १९३०च्या मार्चमध्ये गांधीजींनी रात्री मही नदी होडीने ओलांडली ती भरतीची वाट बघून, आणि काठावरच्या चिखलातून चालत कारेली गावाकडे आले. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं पण तो चिखल म्हणजे काय ते कंबोईला पाय घातल्यावर कळलं.

साडेनऊला पोचलो. गाइड म्हणजे तिथलाच एक पगडिया मच्छीमार, पगडिया म्हणजे होडीशिवाय पायी जाऊन जाळी लावणारे. साठीचे असतील, सगळे काका म्हणत होते. हातात बांबूची काठी, पायात काही नाही. पहिली दहा मिनिटं त्यांनी फक्त चालायला शिकवलं. उभं राहायचं नाही, छोटी छोटी पावलं भराभर टाकायची, टाच आधी उचलायची, काठी पुढे टोचून बघायची आणि त्यांच्या पावलावरच पाऊल ठेवायचं. आणि म्हणाले, "ओट छे त्यां सुधी आपणुं, पछी दरियानुं." ओहोटी आहे तोवर आपलं, मग दर्याचं. त्यांनी वेळ सांगितली, साडेबाराला सगळे बाहेर, एक मिनिट इकडेतिकडे नाही, आणि खरंच सव्वाबारालाच सगळ्यांना वळवलं, कोणी कुरकुर केली तरी ऐकलं नाही. मला तिथेच विश्वास बसला.

आता खाजणाबद्दल. ज्यांना वाटतं चिखलात काय बघायचं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मही, साबरमती, नर्मदा, तापी एवढ्या नद्यांचा गाळ या आखातात येतो, त्या गाळानेच खंभातसारखं एकेकाळचं मोठं बंदर भरून गेलं. तो गाळ किनाऱ्यावर साचून सपाट मैदान होतं, त्याच्या वरच्या कडेला, जिथे पाणी फक्त उधाणालाच पोचतं, तिथे खारी झाडं. लांबून हिरवट-लालसर सतरंजी टाकल्यासारखं दिसतं. जवळ गेलात की कळतं की ती छोटी, जाडसर, रसाळ पानं आहेत, आत पाणी साठवलेलं, मिठाचा मारा सोसायला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि इथे वरच्या भागात पाणी उन्हाने आटून माती त्याहून खारट होते, जिकडेतिकडे पांढरी साय धरलेली. दुसरं कुठलंही रोप तिथे एका दिवसात करपेल.

काकांनी एक चिमूटभर तोडून सगळ्यांना चाखायला दिली. सासूबाई अलिबागच्या, लग्न होऊन बडोद्यात आल्याला पंचेचाळीस वर्षं झाली, त्यांनी पान तोंडात टाकलं आणि एकदम थांबल्या. "अगं, ही तर मोरस!" म्हणाल्या. माहेरी पावसाच्या आधी खाजणातून खुडून आणायचे, दोनदा उकळून पाणी टाकून द्यायचं खारटपणा जायला, मग कांदा घालून सुकटीबरोबर, आणि वरून मीठ अजिबात नाही. इतक्या वर्षांत ही भाजी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. त्या गुजरातीतून काकांना रेसिपी सांगत होत्या आणि काका मराठी शब्द परत परत म्हणून बघत होते, मोरस, मोरस. जास्त मात्र तोडू दिली नाही त्यांनी, म्हणाले हिची मुळं गाळ धरून ठेवतात, बाई.

पुढे तिवरं, म्हणजे मॅन्ग्रोव्ह, गुजरातीत चेर म्हणतात. इथे लागवडही झालेली आहे, वन खातं आणि गावकऱ्यांनी मिळून लावलेली. गुजरातचा तिवरांत बंगालनंतर दुसरा नंबर आहे हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलंच नाही. झाडाच्या भोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली, शेकड्याने, चिखलात हवा नसते म्हणून झाड वरून श्वास घेतं. पानाच्या मागच्या बाजूला मुलाने बोट फिरवलं तर मिठाचे कण लागले, झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. तो सगळ्यांना बोट चाटून दाखवत होता. वास येतो, ते आधीच सांगते, सडक्या अंड्यासारखा. हवा नसलेल्या चिखलातले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून तो गॅस सुटतो. घाण नाही ती. हवा नसल्यामुळेच पाला नीट कुजत नाही आणि झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन त्या चिखलात शेकडो वर्षं अडकून राहतो.

आणि लेवटा! आपल्याकडे निवटी म्हणतात ते. मासा, पण पाण्याबाहेर, पुढच्या परांवर रेलून बसलेला, डोळे डोक्याच्या वर. आम्ही वीस मिनिटं एकाच जागी वाकून बघत होतो. दोन नर तोंडं फाडून समोरासमोर, पाठीवरचा पर ताडकन उभा, मग एकदम उडी, आणि परत आपापल्या बिळापाशी. बाजूला एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे, ती नांगी वर-खाली हलवून मादीला बोलावत होते, काकांचा पाय हलला की सगळे एका क्षणात बिळात. दूरवर पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, दुर्बीण ग्रुपकडे दोनच होत्या, त्यासाठी भांडाभांडी झाली. शक्य असेल तर स्वतःची न्या.

तक्रारी आहेतच. गमबूट दिले ते सगळ्यांना मोठे, चिखलात बूट तिथेच आणि पाय वर असं होत होतं, मी दहा मिनिटांत काढून टाकले आणि अनवाणी गेले तर उलट सोपं पडलं, फक्त शिंपल्यांनी एकदोनदा टोचलं. जुने, नाडी घट्ट बांधता येणारे कॅनव्हासचे बूट सगळ्यात बरे. पाय धुवायला एकच नळ आणि वीस माणसं. बायकांसाठी टॉयलेटची सोय देवळाच्या आवारातच, आधी उरकून घ्या. जेवण साधं, कढी-खिचडी, बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गरम होतं आणि पोटभर होतं. सावली कुठेच नाही, टोपी लागतेच. गुडघे दुखणाऱ्यांनी चिखलात उतरू नये, सासूबाई वरच्या झाडोऱ्यापर्यंतच आल्या आणि पुढे एका बांधावर बसून राहिल्या, त्यांच्याजवळ ग्रुपची एक मुलगी थांबली, हे मला फार आवडलं.

जेवण झाल्यावर बांधावरूनच भरती बघितली. दोनच्या सुमारास लांब एक चकाकणारी रेघ दिसली, आवाज काहीच नाही, आणि बघता बघता आम्ही जिथे वाकून लेवटा बघत होतो ती जागा पाण्याखाली. मुलगा घड्याळ लावून मोजत होता. चार वाजेपर्यंत महादेवही पाण्यात, पुजारी केव्हाच वर आलेले.

परतीला पाद्र्याच्या अलीकडे पोंकची गाडी दिसली, हुरडा खाल्ला, साडेसातला घरी. पाचपैकी साडेचार देते, अर्धा गमबूट आणि नळासाठी कापलाय. हे काका असतील तरच जा, बुकिंगला तसं विचारून घ्या. सासूबाईंनी पुढच्या अमावस्येची तारीख कॅलेंडरवर पेनाने गोल केलीय आणि चार नावं मी कालच लिहून दिली.