एक्सेलमधले सेल लॉक करून आठ महिने झाले, माझा अनुभव

आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप, २६ माणसं. हजेरी सुपरवायझर भरतो आणि पगार मी काढतो, शीट एकच. मागच्या दसऱ्याच्या आसपास कळलं की एका ऑपरेटरचा ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) तीन महिने १२० रुपयेच कापला जातोय. ओव्हरटाइम धरून त्याचा पगार झाला होता १८,४००, म्हणजे पाऊण टक्क्याने १३८ कापायला हवे होते. बघतो तर सेलमध्ये फॉर्म्युलाच नाही, कुणीतरी वरून आकडा टाईप केलेला! सुपरवायझर म्हणाला मी नाही, मी म्हटलं मी पण नाही, मग विषय सोडला आणि त्या रात्री शीट लॉक केली.

पहिल्या वेळी सगळेच आपटतात तसा मी पण आपटलो. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच लॉक असतो, फक्त प्रोटेक्ट शीट केल्याशिवाय ते लॉक लागू होत नाही. त्यामुळे मी डायरेक्ट प्रोटेक्ट केलं आणि हजेरी पण बंद! उलटं करायचं असतं. आधी कंट्रोल ए, मग कंट्रोल १, प्रोटेक्शनमध्ये लॉक्डची टिक काढायची, मग एफ५ दाबून स्पेशलमधून फॉर्म्युले निवडायचे, त्यांना टिक परत द्यायची आणि शेवटी रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट. हजेरी, ओटी (ओव्हरटाइम) आणि उचल हे तीनच रकाने उघडे ठेवले, त्यांना पिवळा रंग दिला, बाकी सगळ्याला लॉकची टिक. तिथेच 'सिलेक्ट लॉक्ड सेल्स' ची टिक पण काढली, म्हणजे टॅब मारला की कर्सर फक्त पिवळ्यातून फिरतो. सुपरवायझरला आख्ख्या प्रकरणात आवडलेली ही एकच गोष्ट.

डोक्याला ताप झाला तो पेस्टचा. डिसेंबरात सुपरवायझरचा फोन आला, "सर शीट हँग झालीय, टाईपच होत नाय." हँग वगैरे काही नव्हतं, त्याने दुसऱ्या फाईलमधून हजेरी कॉपी करून पेस्ट केली होती आणि त्या फाईलचे सेल अर्थातच लॉक्ड, तर आकड्याबरोबर लॉक पण आलं. म्हणजे पेस्ट एकदाच होते, नंतर तोच सेल हात लावू देत नाही. मला हे समजायला दोन दिवस गेले. पी (हजर) नाहीतर ए (गैरहजर) एवढंच घे म्हणून व्हॅलिडेशन लावलेलं, ते पण त्या पेस्टने उडालं. आता राइट क्लिक करून १२३ वालं चित्र, म्हणजे नुसत्या व्हॅल्यूज, हे त्याच्या टेबलावर चिकटवून ठेवलंय.

सॉर्टचं पण तसंच. प्रोटेक्ट करताना सॉर्टला टिक देता येते पण रेंजमध्ये एक जरी लॉक सेल असला तरी नाही म्हणतं, मग ती टिक कशाला दिलीय देव जाणे. फिल्टर चालतो, फक्त प्रोटेक्ट करायच्या आधी लावून ठेवायचा आणि प्रोटेक्ट करताना 'यूज ऑटोफिल्टर' ला टिक द्यायची. आणि नवीन माणूस आला की टेबल आपोआप खाली वाढत नाही, म्हणून मी दहा रिकाम्या ओळी फॉर्म्युल्यासकट आधीच करून ठेवल्यात.

हे कुलूप चोरासाठी नाही बरं का. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की शीट प्रोटेक्शन हे सिक्युरिटी फीचर नाही. पगार कुणी बघूच नये असं असेल तर फाईललाच उघडायचा पासवर्ड लावा, फाईल मेनूतल्या इन्फोमध्ये आहे, आणि तो मात्र विसरू नका.

विसरण्यावरून आठवलं. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २०० ऐवजी ३०० कापायचा असतो (वर्षाचे २५०० भरायला), तर रकाना लॉक आणि माझाच पासवर्ड मला चालेना. एक्सेल म्हणतं कॅप्स लॉक बंद आहे का बघा. बंदच होतं. तासभर डोकं आपटल्यावर कॅप्स लॉक *चालू* करून बघितलं आणि उघडलं, दसऱ्याच्या रात्री पासवर्ड ठेवताना दोन्ही वेळा तसाच टाईप केला असणार मी. आता पासवर्ड डायरीत आहे, आणि त्या रकान्यात इफ टाकलाय, महिना २ असेल तर ३००, नाहीतर २००.