सॅटेलाइट रेडिओ जुन्या गाडीच्या स्टिरिओला जोडताना: एफएम, ऑक्स की अँटेनाची तार?

जुनी कॅमरी किंवा अकॉर्ड व्यवस्थित चालते आहे, हप्ते कधीच फिटले आहेत, विकायची इच्छा नाही. फक्त तिच्यात सॅटेलाइट रेडिओ नाही. अमेरिका-कॅनडातल्या आपल्या पुष्कळ घरांत अशी एक गाडी असते. मग सिरियसएक्सएम या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा ऑनिक्ससारखा सुटा रिसीव्हर घेतला जातो. उपग्रहाकडून येणारा आवाज तो नीट पकडतो. खरी अडचण त्यापुढच्या दोन-तीन फुटांत असते: रिसीव्हरमधला आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत न्यायचा कसा? लोक रिसीव्हर निवडायला तासन्‌तास घालवतात आणि जोडणीचा विचार खोका उघडल्यावर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण ऐकण्याचा आनंद ठरतो तो जोडणीवर.

आधी गाडीतच सॅटेलाइट रेडिओ आहे का ते पाहा. सेकंडहँड गाडी घेतलेल्या अनेकांना ते माहीतच नसतं. स्टिरिओवर बँड बदलत गेल्यावर ‘सॅट’ किंवा ‘एक्सएम’ आलं, आणि चॅनल 0 लावल्यावर रेडिओचा आयडी दिसला, तर काही विकत घ्यायची गरज नाही. तो आयडी सांगून वर्गणी सुरू करायची, एवढंच.

ते नसेल, तर बहुतेक जण डब्यातून निघालेली सोपी वाट धरतात, ती एफएमची. रिसीव्हर ज्यात बसवतात त्या डॉकमध्ये एक छोटा एफएम ट्रान्समीटर असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावायचा, एक रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची आणि स्टिरिओ त्याच आकड्यावर आणायचा. सिरियसएक्सएमच्या ‘पॉवरकनेक्ट’ प्रकारात हा सिग्नल विजेच्या तारेतूनच गाडीच्या वायरिंगमध्ये सोडला जातो. पाच मिनिटांचं काम, गाडीला हात लावावा लागत नाही, भाड्याच्या गाडीतही चालतं.

पण या वाटेला एक मर्यादा आहे आणि ती कायद्याने घातलेली आहे. अमेरिकेत अशा विनापरवाना एफएम ट्रान्समीटरचा जोर 3 मीटर अंतरावर 250 मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. 2006 साली सिरियस आणि एक्सएम या तेव्हा वेगळ्या असलेल्या दोन्ही कंपन्यांचे काही रिसीव्हर ही मर्यादा ओलांडत असल्याचं निघालं. शेजारच्या गाडीतल्या माणसाला त्याच्या आवडत्या स्टेशनऐवजी तुमचा सॅटेलाइट चॅनल ऐकू येई, अशा तक्रारी सार्वजनिक रेडिओवाल्यांनी केल्या होत्या. त्यानंतर हे ट्रान्समीटर सौम्य झाले, आणि ते योग्यच झालं. पण परिणाम असा की तुमच्या गाडीतला कमजोर सिग्नल बाहेरच्या जोरदार स्टेशनाशी टक्कर देऊ शकत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टर्नपाइक महामार्ग धरून फिलाडेल्फियाकडे निघालात तर न्यूयॉर्कची स्टेशनं मागे पडतात आणि फिलाडेल्फियाची पुढे येतात. घरी रिकामी असलेली फ्रिक्वेन्सी वाटेत भरलेली निघते. मग खरखर, मग दुसरं गाणं मध्येच घुसणं, आणि चालत्या गाडीत आकडे बदलणं. हे शेवटचं मला अजिबात मान्य नाही.

ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही त्यांनी नुसती रिकामी फ्रिक्वेन्सी शोधू नये. दोन्ही बाजूंचे शेजारही रिकामे हवेत: 89.3 निवडली तर 89.1 आणि 89.5 वरही शांतता हवी. नेब्रास्कात, वायोमिंगमध्ये, जिथे स्टेशनंच मोजकी आहेत, तिथे ही जोडणी छान चालते. मोठ्या शहराच्या आसपास राहणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

गाडीत कॅसेट प्लेअर असेल तर कॅसेट अडॅप्टर एफएमपेक्षा नक्की बरा. आवाज थोडा दबका येतो, काही डेक अडॅप्टर बाहेर फेकत राहतात, पण बाहेरचं स्टेशन कधी मध्ये येत नाही.

ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज तारेने थेट स्टिरिओत घेणारी जोडणी मला घरगुती उपायांत सगळ्यात चांगली वाटते. 2006च्या आसपासपासून पुष्कळ गाड्यांत 3.5 मिमीचा ऑक्स जॅक येऊ लागला. तो कधी कन्सोलच्या झाकणाखाली, कधी ग्लव्ह बॉक्समध्ये लपलेला असतो, त्यामुळे ‘आमच्या गाडीत नाही’ म्हणण्याआधी सगळे कप्पे उघडून पाहा. डॉकच्या ऑडिओ आउटमधून एक तार तिथे लावली की झालं. फ्रिक्वेन्सीची शोधाशोध नाही, खरखर नाही. दोन गोष्टी मात्र आठवणीने करायच्या. एक, रिसीव्हरच्या मेन्यूमध्ये जाऊन एफएम ट्रान्समीटर बंद करायचा. दोन, तिथेच ऑडिओ लेव्हल वाढवायची. ती कमी राहिली तर स्टिरिओचा आवाज खूप वर न्यावा लागतो आणि गाण्याबरोबर मागचा ‘स्स्स’ आवाजही मोठा होतो.

ऑक्सवाल्यांची नेहमीची तक्रार म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढत जाणारी ‘व्हीईई’. रिसीव्हर बिघडला असं समजून लोक तो परत करतात. खरं कारण असं की रिसीव्हरला वीज सॉकेटमधून मिळते आणि आवाजाची तार स्टिरिओला जाते. दोन्ही ठिकाणच्या ग्राउंडमध्ये (विजेच्या परतीच्या जोडणीत) जरा फरक पडला की अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीच्या वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज त्या वाटेने आत येतो. तारेच्या मध्ये एक छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की तो थांबतो. तो स्वस्त असतो आणि कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

ऑक्सची खरी उणीव वेगळी आहे. जॅक एकच असतो. मुलांना त्यांची गाणी आणि आजोबांना फोनवरचं नाट्यसंगीत हवं असेल तर तार काढ-घाल होत राहते. ब्लूटूथ असेल तर प्रश्नच नाही.

ऑक्सही नाही आणि कॅसेटही नाही, अशा गाड्यांसाठी एफएम डायरेक्ट अडॅप्टर असतो. याची माहिती फार कमी लोकांना असते आणि माझी सगळ्यात कळकळीची शिफारस याचीच आहे. हा छोटा डबा स्टिरिओच्या मागे, अँटेनाची तार जिथे घुसते तिथे मध्ये बसतो. इथेही आवाज एफएमवरच येतो, पण हवेतून नाही, तारेतून. रिसीव्हर चालू असताना गाडीचा अँटेना वेगळा पडतो, त्यामुळे बाहेरचं स्टेशन आत शिरायला वाट राहत नाही. रिसीव्हर बंद केला की नेहमीचा रेडिओ पूर्ववत. एफएममधून 15 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. सॅटेलाइटचा आवाज मुळात दाबून पाठवलेला असल्यामुळे या टप्प्यावर फारसं काही गमावलं जात नाही. खर्च मुख्यतः मजुरीचा, कारण डॅशबोर्ड उघडावा लागतो. काही गाड्यांत अँटेनाचा प्लग वेगळ्या घाटाचा असतो, तेव्हा बदलाचा प्लग आधीच मागवून ठेवा. नाहीतर उघडलेला डॅशबोर्ड घेऊन दुकानात थांबावं लागतं.

स्टिरिओच बदलायचा हा पर्याय खर्चाने सगळ्यात वरचा. ‘सिरियसएक्सएम-रेडी’ हेड युनिट (म्हणजे नवा स्टिरिओ) आणि त्यामागे दडणारा, उपग्रहाचा सिग्नल पकडणारा एसएक्सव्ही300 ट्यूनर घेतला की डॅशवर वेगळा डॉक नाही, लोंबणाऱ्या तारा नाहीत, गाण्याचं आणि कलाकाराचं नाव स्टिरिओच्या पडद्यावर दिसतं. शिवाय त्याच खर्चात फोन स्टिरिओच्या पडद्यावर वापरू देणारं कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो मिळू शकतं. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार असाल तर हा खर्च पटण्यासारखा आहे. वर्षभरात विकणार असाल तर नाही. सुटा रिसीव्हर डॉकमधून काढून दुसऱ्या गाडीत किंवा घरच्या किटमध्ये त्याच वर्गणीवर चालतो, ट्यूनर मात्र गाडीतच राहतो. अलीकडच्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक विचार करा. मे 2018 पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा बंधनकारक आहे आणि तो बहुधा मूळ पडद्यालाच जोडलेला असतो. तिथे स्टिरिओ बदलणं जास्त किचकट.

मग फोनवरचं अ‍ॅप आणि ब्लूटूथ का नको, असं कुणी विचारेल. ज्यांचा प्रवास शहरातच होतो आणि ज्यांच्याकडे डेटा भरपूर आहे त्यांनी खरंच रिसीव्हर घेऊ नये, अ‍ॅप पुरेसं आहे. सॅटेलाइटची किंमत कळते ती नेवाडाच्या वाळवंटात, यलोस्टोनच्या वाटेवर, जिथे फोनला रेंज नसते. उलट बोगद्यात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रह दिसत नाही, तिथे आवाज जाणारच.

जोडणी कोणतीही असो, रिसीव्हरला स्वतःचा वेगळा अँटेना लागतो. तो डॅशवर ठेवून चालेल असं अनेकांना वाटतं, पण त्याची जागा बाहेर, धातूच्या टपावर, कडेपासून निदान तीन इंच आत आहे. खालचा पत्राही अँटेनाच्या कामाचा भाग असतो. काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या टपावर त्याचं चुंबक धरत नाही. 2015 पासूनच्या फोर्ड एफ-150 ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे ट्रकवाल्यांनी चिकटवायची सोय आधी पाहावी. तार जास्त झाली तर कापू नका, गुंडाळून सीटखाली ठेवा. पुढच्या खांबाच्या आवरणाखालून ती नेऊ नका, तिथे पडदा-एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते. मागच्या दाराच्या किंवा डिक्कीच्या रबरी पट्टीखालून नेलेली तार सुरक्षित राहते. आणि जुन्या रिसीव्हरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर घरात पडलेला असेल तर तो नव्या 5 व्होल्टच्या डॉकला लावू नका, डॉक जळू शकतो.

म्हणून ऑक्स असेल तर ऑक्स, आणि व्हीई आली तर आयसोलेटर. ऑक्स नसेल आणि गाडी शहरात फिरत असेल तर एफएम डायरेक्ट, मजुरी देऊन. लीजच्या किंवा लवकरच जाणाऱ्या गाडीत डब्यातला ट्रान्समीटर चालवून घ्या. ज्या गाडीचा स्टिरिओ असाही कंटाळवाणा झाला आहे तिथे हेड युनिट आणि ट्यूनर.

काहीही निवडलंत तरी तारा लगेच आवरणाखाली दडवू नका. सगळं तात्पुरतं टेपने लावा, तुमच्या रोजच्या रस्त्यावर एकदा गाडी नेऊन आवाज ऐका, एसी आणि हेडलाइट लावूनही ऐका, आणि मगच आवरणं बसवा.